ताईंच्या परवान्यावर माझी सही

परवाना आधी मला मिळाला, ताईंना नाही. हे वाक्य मी त्या वर्षी निदान पन्नास लोकांना ऐकवलं असेल, आणि ऐकणाऱ्याने लगेच संतापावं अशी माझी अपेक्षा असे. बहुतेकांनी विचारलं, "परवाना कसला? गाडीचा?" मस्कतमध्ये माणसाला परवाना म्हटलं की गाडीच आठवते.

गाडीचा नव्हता. समाजकार्याचा होता.

दोन हजार पंधराच्या सुमाराची गोष्ट. मस्कतच्या अल् खौद भागातल्या एका खासगी पुनर्वसन केंद्रात आम्ही दोघी काम करत होतो. पक्षाघात झालेले, बांधकामाच्या साइटवरून पडून कंबरेखालची हालचाल गेलेले, गाडीच्या अपघातात डोक्याला मार बसलेले, असे पेशंट हॉस्पिटलने 'आमचं काम झालं' म्हणून सोडले की आमच्याकडे येत. फिजिओथेरपिस्ट त्यांचे हातपाय हलवत. उरलेलं सगळं आमच्याकडे. घरी कोण कळवणार, कंपनीशी कोण बोलणार, माणूस परत गेला तर राहणार कुठल्या खोलीत आणि तिथे त्याला संडासापर्यंत कोण नेणार. या 'उरलेल्या सगळ्या'ची पदवी असते, हे माझ्या आईला अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

ताई तिथे चौदा वर्षं होत्या. त्याआधी दहा वर्षं मुंबईत एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. मी पेशंटशी कसं बोलते, कुठे बसते, कधी गप्प राहते, हे सगळं मी त्यांचं बघून उचललेलं. कॉलेजात हे शिकवत नाहीत असं नाही, पण कॉलेजात पेशंट नसतो.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात माझा वाटा मोठा आहे. पुण्यात शिकताना मी एका विद्यार्थी संघटनेत होते आणि पत्रकं लिहिणं हे माझं काम होतं. फीवाढ असो, वसतिगृहाचं पाणी असो, कंत्राटी सफाई कामगार असोत, माझं पत्रक 'आम्ही तीव्र निषेध करतो'ने सुरू होई आणि 'अन्यथा आंदोलन छेडण्यात येईल'ने संपे. मधला मजकूर पाऊण तासात तयार. ओमानमध्ये आंदोलन वगैरे काही छेडता येत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी नीट बजावून सांगितलं. मी हो म्हटलं. पण हाताला लागलेली सवय कस्टमवाले काढून घेत नाहीत.

जूनमध्ये परिपत्रक आलं. यापुढे पेशंटबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक समाजकार्यकर्त्याकडे परवाना हवा. परवाना नसेल तर व्हिसाचं नूतनीकरण करताना त्यावर तो व्यवसाय लिहिता येणार नाही. इथपर्यंत मला काही म्हणायचं नव्हतं. कुणीही उठून पेशंटला सल्ले देऊ नयेत, हे बरोबरच आहे.

नव्या पदवीधरांसाठी नियम सोपा होता. कॉलेजातल्या फील्डवर्कचं जर्नल दाखवा, पानोपानी सही-शिक्का असलेलं. माझं जर्नल आईने ट्रंकेत लग्नाच्या शालूसारखं जपून ठेवलं होतं. ते कुरियरने आलं, आणि महिन्याभरात माझा परवाना आला. फोटोत मी पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते.

अनुभवी लोकांसाठी नियम वेगळा होता. त्यांनी तीन गोष्टी द्यायच्या. साक्षांकित पदवी, मायदेशातल्या नोंदणी परिषदेचं पत्र, आणि परवानाधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली केलेल्या बारा आठवड्यांच्या कामाचे तक्ते, दर आठवड्याला एक, त्याच्या सहीने.

पहिली गोष्ट घ्या. ताईंची पदवी त्यांच्या वडिलांनी कौतुकाने लॅमिनेट करून घेतली होती. प्लास्टिकवर शिक्का उठत नाही. त्यांच्या भावाने विद्यापीठात खेटे घालून दुसरी प्रत काढली. दुसरी गोष्ट. भारतात समाजकार्यकर्त्यांची अशी परिषदच नाही. नसलेल्या परिषदेचं पत्र आणायचं कुठून? शेवटी 'अशी परिषद नाही' असं प्रतिज्ञापत्र करून ते भागलं. या दोन्ही वेळी ताई हसत होत्या आणि मी धुमसत होते.

राहिली तिसरी. नियम नवा, म्हणून जुन्यांपैकी कुणाकडेच परवाना नाही. मग परवानाधारक सुपरवायझर आणायचा कुठून? आमच्या केंद्राची सरकारी कामं करणारा जो ओमानी माणूस होता, ज्याला इकडे मंदूब म्हणतात, त्याने संचालकांच्या खोलीत बसून एका मिनिटात उत्तर काढलं.

"सिंपल, मदाम. इस सिस्टर के पास लायसन है. ये सायन करेगा. खलास."

ही सिस्टर म्हणजे मी.

संचालक, एक ओमानी डॉक्टरबाई, माझ्याकडे बघू लागल्या. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चला मॅडम, घ्या माझी परीक्षा. प्रश्न सोपे काढा हं."

"मी सही करणार नाही," मी म्हणाले.

आणि मग जे म्हणायचं होतं ते सगळं इंग्रजीत म्हणाले. हा अनुभवाचा अपमान आहे. चोवीस वर्षं काम केलेल्या बाईला दोन वर्षांची मुलगी काय तपासणार? मी या तमाशात भाग घेणार नाही. सगळ्या केंद्रांमधल्या अनुभवी लोकांनी मिळून याला लेखी विरोध केला पाहिजे, आणि तो मजकूर मी लिहून देते. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणाल्या. ताईंनी समोरचे कागद आवरले. मला वाटलं, त्या भारावल्या.

निवेदन मी त्याच आठवड्यात लिहिलं. चार पानं. मग इतर हॉस्पिटलांतल्या ओळखीच्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. पहिल्या दिवशी अकराजणांनी वर केलेला अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी मी 'सही करायला कधी भेटू?' असं विचारलं, तर सहाजण ग्रुपमधून बाहेर. उरलेल्यांपैकी एकाने लिहिलं, 'ईदनंतर बघू.' एकीने मला वेगळा मेसेज करून विचारलं, 'हे सगळं तुमच्या ताईंना माहीत आहे ना?' हे मला चीड आणणारं वाटलं. म्हणजे काय? त्यांच्यासाठीच तर चाललंय!

रमझान होता, कार्यालयं लवकर बंद होत होती, ईद झाली, सुट्ट्या झाल्या. चार आठवडे गेले. मी निवेदनाचा तिसरा खर्डा करत होते.

आम्ही दोघी अल् खुवैरला राहत होतो, आणि मी ताईंच्या गाडीतून येत-जात असे. त्यांची मुलगी बारावीला होती. सुट्टीतही तिची ट्यूशन चालू असे, आणि परतताना आम्ही तिला वाटेत गाडीत घेत असू. मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसायची. मराठी तिला समजे सगळं, बोलताना अडखळायची. जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी तिने इअरफोन काढले आणि मला विचारलं,

"आंटी, तुम्ही मम्मीला फेल करणार आहात का?"

"मी? मी कशाला फेल करू?"

"मग साइन का नाही करत? मम्मीने कॅलेंडरवर काउंट केलं. ट्वेल्व्ह वीक्स. आता स्टार्ट केलं तरच होतं. नाहीतर माझा... माझं बोर्ड मला इंडियात द्यावा लागेल. मला तिकडचं काहीच येत नाही."

"गप गं," ताई म्हणाल्या. त्यांनी लेन बदलली.

मला त्यांच्या व्हिसाची तारीखच माहीत नव्हती. खोटं कशाला बोलू, विचारलीच नव्हती. व्हिसा नोव्हेंबरच्या मध्यावर संपत होता. नवऱ्याची कंपनी आदल्या वर्षी बंद पडल्यामुळे तो भारतात परत गेला होता, आणि मुलगी खास परवानगीने ताईंच्या व्हिसावर होती. ताईंचा व्हिसा गेला की मुलीचा गेला, आणि मुलीचा गेला की तिचं बारावीचं वर्ष गेलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली असती तर तक्ते सप्टेंबरअखेर पूर्ण होऊन दीड महिना हातात राहिला असता. आता सुरू केलं तर ऑक्टोबरच्या अखेरीला पूर्ण होणार, कार्यालय पंधरा दिवस घेणार, म्हणजे अगदी व्हिसाच्या तारखेवर.

"ताई, तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सही कर म्हणू? वॉर्डात मी दिवसभर काय सांगत फिरते? कुणी कागद पुढे केला म्हणून सही करू नका. मनाविरुद्ध करू नका. तुलाच तेवढं उलटं सांगू?"

"पण मी तुमच्यासाठीच..."

"हो गं. मला कळत होतं. म्हणून तर पंचाईत."

मागून मुलगी म्हणाली, "सो? साइन करणार ना?"

करणार म्हणाले. घरी जाऊन चार पानांचं निवेदन बंद केलं. फाडायला कागद नव्हता, ते लॅपटॉपवर होतं, अजूनही आहे.

दर गुरुवारी दुपारी एक तास ठरला. जागा मिळाली ती व्हीलचेअर ठेवायच्या खोलीत. दुसऱ्या खुर्च्या तिथे नव्हत्याच, म्हणून आम्ही दोघी दोन व्हीलचेअरवर बसलो. मांडीवर तक्ता.

"ब्रेक लाव," ताई म्हणाल्या. "सुपरवायझर घसरत दारापर्यंत जायची."

तक्त्यात चार चौकटी होत्या. या आठवड्यात काय केलं? का केलं? पेशंटच्या घरच्यांना प्रकृतीची पूर्ण माहिती दिली आहे का, हो किंवा नाही? आणि सुपरवायझरने काय सल्ला दिला? पूर्ण बारा आठवडे एकाच पेशंटचं काम दाखवायचं होतं, आणि तक्त्याची एक प्रत त्या पेशंटच्या फाइलीत लावायची होती.

पहिल्या गुरुवारी मी शेवटच्या चौकटीत 'काम समाधानकारक' लिहिलं, सही केली आणि तक्ता त्यांच्या हातात दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं, त्यांची लाज राखली.

ताईंनी तो वाचला आणि मला परत दिला. "हे काय? मला काही विचारलंस का?"

"तुम्हाला काय विचारायचं, ताई?"

"ते तू ठरव. मला तासभर वेळ दिलाय, मी तासभर बसणार. मुंबईत आमच्या मोठ्या बाई होत्या, त्या आठवड्याला रडवायच्या. त्या गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नाहीये. पंधरा वर्षं झाली असतील. विचार."

मग मी विचारलं. नोंदी दाखवा म्हणाले. त्यांनी त्यांचं रजिस्टर आणलं. निळं, जाड पुठ्ठ्याचं. मी पानं उलटली. तारीख, बेड नंबर, आणि पुढे एक शब्द: 'बोलले.' खाली पुन्हा तारीख, बेड नंबर, 'बोलले.' पानामागून पान. कुठे कुठे 'पुन्हा बोलले'.

इथे माझा स्वभाव आडवा आला. "ताई, हे काहीच नाहीये."

"सगळं माझ्या डोक्यात आहे."

"डोकं अर्जाला जोडता येत नाही."

त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. महिनाभर मी ज्या अनुभवासाठी भांडत होते, त्याचा कागदावर एका शब्दापलीकडे पुरावा नव्हता. उद्या ताई सुट्टीवर गेल्या तर त्यांच्या पेशंटचं काय चाललंय हे कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा नाही. नियम करणाऱ्यांचं काही तरी बरोबर होतं, आणि ते कबूल करणं मला फार जड गेलं. मी ते चौथ्या गुरुवारी कबूल केलं. तोपर्यंत नुसती कुरकुरत होते.

"का लिहीत नाही तुम्ही?" मी त्याच चौथ्या गुरुवारी विचारलं.

ताईंनी दार लावून घेतलं. मग त्यांनी मला बेड नंबर सहाबद्दल सांगितलं.

तक्त्यासाठी त्यांनी हाच पेशंट घेतला होता. श्रीवर्धनकडचा मुसलमान माणूस, चाळिशीचा, शटरिंगचं काम करणारा. निझव्याजवळच्या साइटवर पडला. कंबरेखाली संवेदना नाही, आणि ती परत येणार नाही हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्याने गावी बायकोला फोनवर सांगितलं होतं की पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय. रोज फोन करायचा आणि रोज प्लास्टरच्या गोष्टी सांगायचा. खाज येते म्हणायचा.

"मग तुम्ही का नाही सांगत तिला?"

"त्याचे पाय आहेत. तो सांगेल. मी त्याला तयार करतेय. 'बोलले' म्हणजे ते."

"पण हे नोंदीत तरी लिहा."

"नोंद वाचतं कोण, माहितेय?" कंपनीचा कॅम्प बॉस, म्हणजे मजुरांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था बघणारा माणूस, दर आठवड्याला येऊन फाइल चाळत असे. कंपनीला तो हक्क होता. आणि हा कॅम्प बॉस त्याच्याच शेजारच्या गावचा. "त्याला वाटतं घरी सगळं माहीत आहे. आज मी 'सांगितलेलं नाही' लिहिलं, की उद्या त्याच्या आळीत बातमी. त्याच्या बायकोला शेजारीण सांगणार. आता सल्ला दे, सुपरवायझर. लिहू की नको?"

चेष्टा नव्हती. त्या खरंच विचारत होत्या. मी बराच वेळ व्हीलचेअरचं चाक पुढेमागे करत बसले. शेवटी चौकटीत लिहिलं, 'चर्चा झाली.' म्हणजे मीही तेच केलं. 'बोलले.'

पण त्यानंतर आमचे गुरुवार बदलले. बाकी सगळं लिहायचं, असं आम्ही ठरवलं. परत गेल्यावर झोपायची खोली तळमजल्यावर आहे का, दाराची रुंदी किती, जखमा कोण धुणार, जवळचा दवाखाना किती लांब. ताई पेशंटशी बोलून येत आणि लगेच लिहीत, कुरकुर करत. "मराठीत लिहू का गं?" "इंग्रजीत." "तू फार कडक आहेस." दहाव्या आठवड्यापर्यंत त्यांच्या नोंदी माझ्या जर्नलपेक्षा चांगल्या झाल्या होत्या. फक्त तिसरी चौकट दर आठवड्याला रिकामी. घरच्यांना माहिती दिली आहे का, हो किंवा नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीला बारा तक्ते घेऊन मंदूब अल् खुवैरच्या परवाना कार्यालयात गेला आणि तासाभरात परत आला. रिकामी चौकट चालत नाही. शेवटच्या तक्त्यात तरी हो किंवा नाही लिहिलंच पाहिजे.

"लिख दो, मदाम. नाम, यस, वन वर्ड. यल्ला, जल्दी."

"ताई, 'नाही' लिहा," मी म्हणाले.

"फाइलीत प्रत जाते."

"मग 'हो' लिहा."

"दिली नाहीये ना माहिती."

"ताई! पंधरा दिवस उरलेत. पोरीचं वर्ष आहे. एक शब्द आहे हो!"

"आता तूच सही मागतेयस," ताई म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. त्यांनी तक्ता घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वॉर्डात गेल्या.

त्यांनी बेड नंबर सहाला स्वतःच्या व्हिसाबद्दल काही सांगितलं नाही, हे मी शपथेवर सांगते, कारण मी सांगायला निघाले होते आणि त्यांनी मला दारातच अडवलं. "त्याच्या डोक्यावर माझं ओझं ठेवायचं नाही." मी इतकी चिडले होते की त्या संध्याकाळी त्यांच्या गाडीतून गेले नाही, टॅक्सी केली.

नऊ दिवस लागले. शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस, तरी त्याने निरोप पाठवून ताईंना बोलावून घेतलं. मी बरोबर गेले. त्याने ताईंना खाटेजवळ बसायला सांगितलं आणि फोन लावला. आवाज स्पीकरवर.

"आयक," तो म्हणाला. "प्लास्टर नाय हाय. कवाच नव्हता. पाय हायत, पन चालत नाय. चालनार बी नाय."

पलीकडून बायको म्हणाली, "मना ठाव हाय."

"कुनी सांगितलान?"

"कुनी सांगाय लागतंय? तीन महिनं कुनाचा प्लास्टर ऱ्हातो? तू कवा सांगतंस त्याची वाट बघत व्हते."

तो रडायला लागला. ताईंनी स्पीकर बंद करून फोन त्याच्या कानाला लावला, आणि आम्ही बाहेर आलो.

पॅसेजमध्ये मी म्हणाले, "तिला माहीतच होतं! तुम्ही नऊ दिवस घालवलेत कशासाठी?"

"तिला माहीत होतं. त्याने सांगितलं नव्हतं." त्यांनी पर्समधून तक्ता काढला, भिंतीला टेकवून तिसऱ्या चौकटीत 'हो' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली.

तक्ते रविवारी गेले. व्हिसाची तारीख आधी आली.

इथे हिशेब साफ आहे आणि तो मी कुणावर ढकलणार नाही. ताईंनी नऊ दिवस घेतले. मी चार आठवडे घेतले होते. माझे चार आठवडे हातात असते तर त्यांचे नऊ दिवस कुणाच्या लक्षातही आले नसते. त्यांच्या नऊ दिवसांत एका माणसाने आपलं आपण सांगितलं. माझ्या चार आठवड्यांत चार पानं झाली.

मंदूबनेच मार्ग काढला. केंद्रात कारकुनाची एक जागा रिकामी होती. ताईंचा व्हिसा 'क्लार्क' म्हणून वाढवायचा, परवाना आला की व्यवसाय बदलून घ्यायचा. तोवर पेशंटला हात लावायचा नाही. ताईंनी विचार करायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. मुलीच्या व्हिसाचा अर्जही त्याच दिवशी गेला.

परवाना डिसेंबर संपता संपता आला. व्यवसाय बदलायला एप्रिल उजाडला. तोपर्यंत मुलीची परीक्षा झाली होती, पुढे तिला चांगले गुण मिळाले, आणि ती मला बराच काळ 'सुपरवायझर आंटी' म्हणत असे. परवान्याचं कार्ड हातात पडल्याबरोबर ताई "लॅमिनेट करून घेऊ का गं?" म्हणाल्या आणि मी किंचाळले.

पण मला सांगायचंय ते मधल्या महिन्यांतलं. ताई दाराजवळच्या टेबलाशी बसत, आल्यागेल्याची नोंद करत. वॉर्डात मी एकटी. पेशंट माझ्याशी बोलत आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत.

डिसेंबरच्या मध्यावर बेड नंबर सहाला घरी पाठवायचं ठरलं. अ‍ॅम्ब्युलन्स दाराशी उभी, विमान दुपारचं. स्ट्रेचर ताईंच्या टेबलाजवळ थांबलं, कारण डिस्चार्जचा कागद तिथेच मिळत असे. कॅम्प बॉसने खिशातून पेन काढून त्याच्या हातात दिलं. त्याने पेन छातीवर ठेवलं आणि कागद ताईंकडे दिला.

"वाचा, बाय. तुमीच बोलला व्हतात, वाचल्याबिगर सही करायची नाय."

ताईंनी वाचला. ओळ न् ओळ, आधी इंग्रजीत, मग त्याला समजेल असा. कुठली औषधं बरोबर दिली, कंपनी कशाची जबाबदारी घेते, कशाची घेत नाही. त्याने दोन ठिकाणी थांबवून पुन्हा विचारलं. मग सही केली आणि पेन ताईंपुढे धरलं.

"आता तुमची."

"माझी नाही चालत. मी इथे क्लार्क आहे."

"क्लार्क? कवापासून?"

"महिना झाला. समाजकार्यकर्तीची सही लागते. हिची." ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने मला आडव्या मानेने वरपासून खालपर्यंत बघितलं. चार महिने मी त्याच्या वॉर्डात जात-येत होते.

"हिची? हिला काय ठाव हाय माझा?"

काही तरी ठणकावून सांगावं असं जिभेवर आलं होतं. चार पानं भरतील इतकं. "थोडंच," मी म्हणाले. "ताईंनी लिहून ठेवलंय तेवढं."

"मग वाचून दाकव आदी."

दारातून ड्रायव्हर ओरडला, "यल्ला, यल्ला!" कॅम्प बॉसने घड्याळ बघितलं. ताईंनी कागद माझ्या हातात दिला आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.